दादा, मनूला पणजीतच राहू दे

लिस्बन, १९ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय दादा, वहिनी आणि आई,

सकाळी फोनवर तू एवढा तापला होतास की मला मधे बोलताच आलं नाही, आणि फोन ठेवल्यावर मग एकेक सुचायला लागलं, म्हणून टाइप करत बसलेय. पत्र लांबणार आहे. प्रिंट काढ आणि आईला सावकाश वाचून दाखव, मोबाईलवर वाचलेलं तिला पुरत नाही.

उद्या नरकचतुर्दशी. तुम्ही पहाटे उटणी लावून कारीट फोडणार, वहिनी दुधातले, ताकातले, गुळाचे असे सगळे पोहे करणार आणि मनू पहिल्यांदा घरी नाही. ती आज रात्रभर पणजीत नरकासुराचे पुतळे बघत फिरणार, पेपरसाठी. तुझा राग नेमका कशावर ते मला आधी कळेना. तू म्हणालास की पोरगी एम.ए. झाली आणि रात्री दोन वाजता रस्त्यावर उभी राहून कुठल्या वाड्याचा नरकासुर उंच ते लिहितेय, ह्याला काय करिअर म्हणायचं. आणि लगेच पुढे म्हणालास, पत्रकारच व्हायचं तर तुझ्याकडे पाठवतो, तिकडे इंटरनॅशनल काहीतरी कर म्हणावं. हे दुसरं वाक्य दिवसभर डोक्यात आहे, कारण माझं जे काही झालं ते इकडे येऊन झालं असं तुम्हाला सगळ्यांनाच वाटतं, आणि ते तसं नाहीये रे.

तर माझं मत आधीच सांगते. तिला आत्ता इकडे पाठवू नकोस, निदान तीन वर्षं तरी नाही. माझ्याकडे खोली आहे, तिचं मी सगळं करीन, तो प्रश्नच नाही. पण पणजीच्या डेस्कवर आणि पेडण्या-डिचोलीच्या रस्त्यावर जे शिकायला मिळतं ते इथल्या कुठल्याही युनिव्हर्सिटीत मिळत नाही, हे मी इथे पंचवीस वर्षं काढून सांगतेय.

तुला आठवत असेल, १९९४ ला मी म्हापशाला मावशीकडे राहून पणजीला जायचे. पगार बाराशे. ट्रेनी म्हणजे काय, तर संध्याकाळी कदंबाच्या बसमधून तालुक्याच्या वार्ताहरांची पाकिटं यायची ती स्टँडवरून आणायची, फोडायची, कुणाचं अक्षर कुत्र्याच्या पायाचं मांजराच्या पायाला, ते लावून नीट मराठीत उतरवायचं. ग्रामसभा, जत्रा, दशावतार, रानडुकरांनी केलेली नासाडी, आणि निधन वार्ता. त्या निधन वार्तेत मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. एका पाकिटात दोन भावांची नावं होती, एक गेलेला, एक "त्यांच्या पश्चात" मधला, आणि मी घाईत उलटं केलं. जिवंत माणूस मेला म्हणून सकाळी छापून आला. दुपारी आमच्या चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, आता बस पकड आणि त्या घरी जा.

पेडणे तालुक्यातलं घर, पुढे माटव, सोप्यावर माणसं बसलेली. ज्याला मी मारलं होतं त्यानेच मला पाणी आणून दिलं, काही बोलला नाही. त्यांची म्हातारी आई खांबाला टेकून बसली होती, मांडीवर तो पेपर, आणि बोटाला थुंकी लावून ती मुलाचं नाव घासत होती. वाचता येत नव्हतं तिला, कुणीतरी दाखवलं असणार हे नाव म्हणून. शाई पसरून तिचं बोट काळं झालेलं आणि कागदाला भोक पडत आलं होतं. एक मुलगा गेलेलाच होता, दुसऱ्याचं नाव तरी पुसावं म्हणून ती घासत होती. मी तिच्या पाया पडले आणि तिथेच रडले. दादा, आजही नाव लिहिताना, मग ते मंत्र्याचं असो की बेकरीवाल्याचं, मी दोनदा विचारून घेते, आणि दरवेळी मला ते काळं झालेलं बोट दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पोर्तुगीज शिकायला स्कॉलरशिप मिळाली आणि मी इकडे आले. पण "परदेशी वार्ताहर" म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे जे येतं तसं त्यात काही नव्हतं. मी स्ट्रिंगर होते. म्हणजे पगार नाही, ऑफिस नाही, छापून आलेल्या मजकुराचे तेवढे पैसे, आणि महिन्यात चार गोष्टी छापून आल्या तरी घरभाडं सुटायचं नाही, म्हणून सकाळी इंग्रजीच्या शिकवण्या करायचे. वेळेचं गणित तर विचारूच नको. उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच, इथे संध्याकाळी सातला काही घडलं की तिथे रात्रीचे साडेअकरा नाहीतर साडेबारा, पान छपाईला गेलेलं असायचं. मग उद्यासाठी लिहायचं, आणि उद्यासाठी लिहायचं म्हणजे नुसतं काय झालं ते पुरत नाही, का झालं ते लिहावं लागतं. कॉमेंट्री, म्हणजे बातमीवरचं भाष्य, मी अशी शिकले, उशीर झाल्यामुळे. नंतर इथल्या पेपरवाल्यांना भारताबद्दल लिहिणारं कुणी हवं झालं, मग उलटा प्रवास सुरू झाला, तिथलं इथे सांगायचं.

आणि ह्या दोन टोकांच्या मधे उभं राहायला मला गोव्यानेच शिकवलं. आजोळी आपण घरात कोकणी बोलायचो आणि पेपर मराठी वाचायचो, आजोबांच्या ट्रंकेत दाखले पोर्तुगीजमध्ये. आजी सांगायची ना, पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या, साळाझारच्या काळात लग्नाची पत्रिकासुद्धा छापायच्या आधी साहेबाला दाखवावी लागायची. मला ती गोष्ट वाढवून सांगितलेली वाटायची. इथे जुन्या वर्तमानपत्रांचं ग्रंथालय आहे, तिथे जाऊन मी फायली काढल्या तर अंकामागून अंक, पानावर बारीक टाइपात एक ओळ, सेन्सॉर समितीने तपासलंय अशी. सेन्सॉर निळ्या पेन्सिलीने काटायचा, म्हणून इथली म्हातारी पत्रकार मंडळी अजून "निळी पेन्सिल" म्हणतात, सेन्सॉरशिप असं म्हणतच नाहीत. २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली तेव्हा ती पेन्सिल सुटली. म्हणजे गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केलं ते स्वतः त्याच्यानंतर बारा वर्षांनी सुटले. हे इथे राहिल्यावर मला नीट कळलं, आणि मग माझा इथल्या सामान्य माणसावरचा राग गेला.

आणि निळ्या पेन्सिलीला उत्तर आपल्या आंबोलीतून जायचं! लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई, नोव्हेंबर १९५५ मध्ये आंबोलीच्या जंगलात ट्रान्समीटर लावून बसले, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून रोज बातम्या, पुढे कॅसलरॉकला हलले, सहा वर्षं हे चाललं. आजोबा कानाला रेडिओ लावून ऐकायचे ते हेच. आपण आंबोलीला भजी खायला जातो तिथे त्या दोघांनी पावसाळे काढलेत. लिबियाबाईंना ह्या वर्षी पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

मागच्या वर्षी मी पेनिशला गेले होते, फोटो पाठवले होते बघ, समुद्रात घुसलेला किल्ला. तिथे साळाझारचा तुरुंग होता, २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचं म्युझियम झालं. ह्याच किल्ल्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना ठेवलं होतं. चांदरच्या घराण्यातला माणूस, पॅरिसला शिकला, तिथे एका वृत्तसंस्थेत काम केलं आणि फ्रेंच वाचकांना जालियनवाला बाग आणि गांधीजी समजावून सांगणारे लेख लिहिले. मग गोव्यात परतून १९२८ मध्ये गोवा काँग्रेस काढली. १९४६ ला पकडलं, आठ वर्षांची शिक्षा, पाठवलं पोर्तुगालला. सुटल्यावरही इथून निसटून मुंबईला पोचले आणि १९५३ ला काय केलं, तर परत पेपरच काढला, "फ्री गोवा". त्या किल्ल्यात वारा असा घोंघावतो की बोललेलं ऐकू येत नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते आणि मला चांदरची भातशेतं आठवत होती.

आज १९ ऑक्टोबर आहे, म्हणून अजून एकाबद्दल सांगायचंच आहे. आकिनो द ब्रागांसा, जन्म १९२४, बार्देशचे. गोव्यात किती जणांना हे नाव माहीत आहे देव जाणे, मला तरी इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. गोवा, मग मोझांबिक, लिस्बन, फ्रान्स, मोरोक्को आणि १९६२ नंतर अल्जीअर्स. तिथे "रेव्होल्यूसियाँ आफ्रिकेन" साप्ताहिकात लिहायचे, पुढे पॅरिसच्या "आफ्रिक-आझी"मध्ये. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमध्ये जी स्वातंत्र्याची लढाई चालली होती तिचे सगळे पुढारी ह्यांचे दोस्त, आणि हे त्यांच्यावर लिहायचे ते आतलं माहीत असलेल्या माणसासारखं. १९७४ ला इथे क्रांती झाल्यावर नवीन लष्करी अधिकारी खरंच वसाहती सोडणार का, हे चाचपायला मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमोने कुणाला लिस्बनला पाठवलं, तर ह्यांना. सप्टेंबरात लुसाकाला करार झाला, पुढच्या जूनमध्ये मोझांबिक स्वतंत्र. मग मापुतोच्या युनिव्हर्सिटीत आफ्रिकन अभ्यासाचं केंद्र चालवलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिथेच काम करणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषविरोधी पत्रकार रूथ फर्स्ट ह्यांच्या नावे बॉम्बचं पार्सल आलं, त्या गेल्या, त्याच खोलीत हे होते, जखमी झाले पण वाचले. आणि १९ ऑक्टोबर १९८६ ला मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल ह्यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरात एम्बुझिनीला कोसळलं, ३४ माणसं गेली, त्यात हे. आज ३९ वर्षं झाली.

मी ह्या माणसाबद्दल खूप विचार केलाय. मला स्वतःला ते जमलं नसतं. पत्रकाराने सत्तेच्या एवढं जवळ जावं का, राष्ट्राध्यक्षाच्या विमानात बसावं का, माझं उत्तर नाही असं आहे. पण त्यांनी ती बाजू फॅशन म्हणून घेतली नव्हती, गोव्यात स्वतः वसाहतीत जन्मून वाढल्यावर घेतली होती, आणि त्याची किंमत पुरती मोजली. मनूला मी हे सांगितलंय आणि ह्यांच्यावर लिही म्हटलंय. बार्देशात त्यांना ओळखणारं कुणी म्हातारं माणूस अजून असेल तर ते मनूलाच सापडेल, मी इथून काय करू शकणार.

आता माझं. गोव्यातून मला सगळ्यात जास्त फोन आले ते नोव्हेंबर २०१५ मध्ये, आंतोनियो कॉश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा. मडगावला घर, लाडाचं नाव बाबूश, सगळ्यांना एकच हवं होतं, "आपला गोंयकार". मी तेही लिहिलं, का नाही लिहायचं, मला स्वतःला भरून आलं होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष दुसरा आला होता. पहिल्या आलेल्या उजव्या आघाडीने सरकार बनवलं, ते संसदेत काही दिवसांत पडलं, आणि कॉश्तांनी ज्या डाव्या पक्षांशी वर्षानुवर्षं भांडण होतं त्यांचा बाहेरून पाठिंबा घेऊन सरकार केलं. विरोधक त्याला "झेरिंगोन्सा" म्हणायचे, म्हणजे आपण कसं जोडून-बिडून केलेलं खटारा यंत्र म्हणतो तसं. ते खटारं चार वर्षं नीट चाललं. हे मी मराठीत लिहिलं तेव्हा गोव्याच्या वाचकांना एका परिच्छेदात कळलं, इथे इंग्रज-अमेरिकन पत्रकार गोंधळले होते. आणि दीड वर्षानी उलट झालं. मार्च २०१७, गोव्यात ४० पैकी काँग्रेसला १७, भाजपला १३ आणि सरकार पर्रीकरांचं. इथला संपादक मला विचारतो, हे कसं काय, पहिला आलेला बाहेर? मी म्हटलं, तुमचंच आठवा. पण लगेच लिहिताना फरकही दाखवला, इथे पक्षांनी आधी लेखी समझोते केले, छापून सगळ्यांसमोर ठेवले, तिथे रात्रीतून गणित जमलं. असं दोन्हीकडचं एकमेकांवर धरून बघता यायला आपल्याला एक जागा मुळापासून माहीत पाहिजे ना. मला ती माहीत होती कारण मी पणजीत पंचायतीच्या निवडणुकांचे निकाल रात्रभर जागून लिहिलेत.

त्याच वर्षी १७ जूनला इथल्या पेद्रोगांव ग्रांदला जंगलाची आग लागली. ६६ माणसं गेली. मी दुसऱ्या दिवशी लिस्बनमध्ये बसून, टीव्ही बघून, एक लेख पाठवून दिला, लोकांनी वेळेवर घरं सोडली असती तर वाचले असते असं त्यात ठणकावून लिहिलं. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले. रस्ता क्रमांक २३६, दोन्ही बाजूला जळलेली निलगिरीची झाडं, डांबर वितळून परत घट्ट झालेलं, त्याच्यात गाड्यांच्या चाकांचे ठसे. ६६ पैकी ४७ माणसं ह्या रस्त्यावर गेली, घरं सोडून निघाली होती म्हणून. जवळच्या एका गावात लोक पाण्याच्या टाकीत उतरले आणि वाचले. आणि सगळीकडे निलगिरीचा वास, आई आपल्याला सर्दी झाली की रुमालावर टाकायची तोच, मी रस्त्याच्या कडेला बसले आणि मला ओकारी आली. माझं वाक्य तोपर्यंत छापून आलेलं होतं. मी दुसरा लेख लिहिला, पहिल्याच ओळीत म्हटलं की मी चुकीचं लिहिलं होतं. पेडण्याच्या त्या सोप्यावर मी जाऊन आलेली नसते तर मला ही ओळ लिहायची हिंमत झाली नसती, मी गप्प बसले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

तू म्हणशील, पण मोठी माणसं तर शिकायला बाहेरच गेली. गेली ना. फ्रँक मोराइश ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले. मूळचे गोव्याचे, "टाइम्स"चे संपादक, मग पंधरा वर्षं "एक्सप्रेस"चे. पण मधली वर्षं त्यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि चीनमध्ये वार्ताहर म्हणून काढली ते कुणी सांगत नाही. आणि बाबा ज्यांचे अग्रलेख कापून वहीत चिकटवायचे ते गोविंद तळवलकर, १९६८ ते ९६ "मटा"चे संपादक, मुंबईत बसून मराठीत रशियाचा इतिहास सांगायचे, शेवटी अमेरिकेत ह्यूस्टनला राहायला गेले आणि नव्वदीपर्यंत तिथून मराठीत लिहीत राहिले. बाबांच्या त्या वह्या माळ्यावर असतील तर वाळवी लागायच्या आधी मनूला दे.

तुझी काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पैसे कमी आहेत, पुढेही कमीच राहतील. पेपरांनी परदेशातली ऑफिसं बंद करत आणलीत, माझ्याबरोबरचे निम्मे लोक आता कंपन्यांच्या जाहिराती लिहितात. आणि मुलगी रात्री बाहेर, हे मला कळत नाही का, मी पण कुणाची तरी मुलगी होते. कॉश्तांची आई, मारिया अंतोनिया पाला, ही इथल्या पेपरात बातमीदारी करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक, त्याआधी न्यूजरूममध्ये बाई क्वचितच दिसायची. मनूच्या ऑफिसची रात्री घरी सोडायची गाडी आहे, मी विचारलं, आणि आज फोटोग्राफर बरोबर आहे, हेही विचारलं. तीन वर्षं तिला तिथे घासू दे, कोकणी तर येतेच, पोर्तुगीज तिथेच शिकू दे, मग यायचं असेल तर मी स्वतः तिकीट काढते. तोपर्यंत तिला काय विचारायचं असतं ते तिचं तिला कळलेलं असेल.

आईच्या गुडघ्याचं तेल मी डिसेंबरात आणतेय, कुरियरने पाठवलं की फुटतं. वहिनी, तुझ्या चकल्यांची आठवण येते, इथे भाजणी दळून मिळत नाही.

आता इथे साडेसात वाजलेत, म्हणजे तिथे बारा. तासाभरापूर्वी मनूने मला तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एका वाड्यातल्या नरकासुर करणाऱ्या अकरा पोरांची नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि दोन नावांपुढे खूण नाही, तिथे लिहिलंय "परत विचारायचं". ती अजून तिथेच उभी असेल. तू जागा असशीलच, तुला झोप लागलेली नसणार. फोन कर तिला, आणि ओरडू नको, जेवलीस का एवढंच विचार.

तुमची,
बेबी